मिडी ट्रॅकचा आवाज कुठे अडतो?

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की वाटेत नेकनूर लागतं. आळंदीला १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या जोग महाराजांचे शिष्य बंकटस्वामी महाराज यांचं संस्थान याच गावात आहे. पेटी, पखवाज आणि टाळ यांचा मेळ कसा जमायला हवा, हे अशा गावात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. हा मेळ आता कॉम्प्युटरवरही जमवता येतो. एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस, एक कीबोर्ड आणि लॅपटॉप एवढ्या सामग्रीवर घरच्या खोलीत अभंग रेकॉर्ड करणं आज कुठल्याही भजनी मंडळाच्या आवाक्यात आहे. गळा आणि टाळ माइकवर घ्यायचे, पेटी आणि पखवाज मिडीने भरायचे, ही त्यातली सोयीची वाट. पखवाज माइकवर नीट घ्यायचा तर शांत खोली लागते, आणि ऐन रंगात आलेल्या टेकमध्ये बाहेरून ट्रॅक्टर गेला की सगळं पुन्हा करावं लागतं. मिडीत ती धास्ती नाही.

या वाटेवर एक अडचण मात्र हमखास येते. गाणं ऐकायला घ्यावं, तर गळा खणखणीत, टाळ खणखणीत आणि पेटी कुठेच नाही. ट्रॅक वाजतोय हे पडद्यावर दिसतं, पण कानाला लागत नाही. मग फेडर वर ढकलला जातो. तेवढ्याने भागलं नाही की मास्टर वाढवला जातो, आणि पेटी ऐकू येईपर्यंत गळा फाटलेला असतो. असं करून चांगली गायलेली कित्येक भजनं वाया जातात, याचं वाईट वाटतं. कारण दोष गायकाचा नसतो, वादकाचाही नसतो. कुठेतरी एक आकडा लहान राहिलेला असतो. तो कुठे शोधायचा आणि कोणत्या क्रमाने, हे या प्रकरणात पाहू.

मिडीत आवाज नसतो

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. भातखंडे पद्धतीने लिहिलेली बंदिश वहीत असते. ती वही कानाशी धरून काही ऐकू येत नाही. कुणीतरी ती वाचून वाजवावी लागते. मिडी ट्रॅक हे याच जातीचं लेखन आहे. त्यात ध्वनी साठवलेला नसतो, वाजवण्याच्या सूचना असतात. वहीपेक्षा जास्तीचं एवढंच की कोणता स्वर, किती वेळ, याबरोबर तो किती जोराने वाजवायचा हेही मिडीत आकड्याने लिहिलेलं असतं.

ही आकड्यांची भाषा १९८३ साली ठरली. तोवर एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सरळ बोलू शकत नव्हता. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडून वाजवून दाखवली गेली. या कामासाठी २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता एक सूचना जवळून पाहू. कीबोर्डवर मधल्या सप्तकातली काळी एक दाबली, तर तारेतून तीन आकडे जातात: १४४, ६१, ३८. पहिला सांगतो की पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू करा. दुसरा सांगतो कोणता स्वर. पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. तिसरा सांगतो पट्टी किती जोराने दाबली. या तिसऱ्या आकड्याला व्हेलॉसिटी म्हणतात. तो १ ते १२७ यांमध्ये असतो, आणि शून्य आला तर स्वर सोडला असा अर्थ होतो. मिडीची ही मूल्यं सात बिटांत लिहिली जातात आणि सात बिटांत १२८ च आकडे मावतात, म्हणून मर्यादा १२७ ची.

वरच्या उदाहरणात ३८ आला आहे. म्हणजे पट्टी हलक्या हाताने दाबली गेली. आवाज बारीक असण्याचं एक कारण इथेच, अगदी पहिल्या पायरीवर दिसलं. पुढे हा आकडा वाद्याच्या प्लगइनमध्ये जातो, तिथे त्याचा ध्वनी होतो, तो ध्वनी मिक्सरमधून जातो आणि शेवटी स्पीकरवर येतो. प्रत्येक पायरीवर आवाज कमी करणारी एखादी किल्ली असतेच. म्हणून शोध बोटापासून सुरू करावा आणि स्पीकरपर्यंत न्यावा. उलट दिशेने गेलं की आधीची चूक नंतरच्या फेडरने झाकली जाते आणि खरं कारण तसंच राहतं.

पहिली तपासणी: दोन मीटर

फक्त तो ट्रॅक सोलो करा आणि वाजवा. आता दोन गोष्टी पाहा. मिडीच्या सूचना येत असल्याचा दिवा किंवा मीटर हलतो का? आणि प्लगइनमधून बाहेर पडणाऱ्या ऑडिओचा मीटर हलतो का?

मिडीचा मीटरच हलत नसेल तर सूचना पोचतच नाहीत: ट्रॅक म्यूट आहे, इनपुट चुकीचं निवडलंय किंवा चॅनेल जुळत नाही. मिडी हलतो पण ऑडिओ हलत नाही, तर दोष वाद्यात: प्लगइन लावलंच नाही, त्याचे नमुने, म्हणजे वाद्याचे रेकॉर्ड केलेले ध्वनी, लोड झाले नाहीत, किंवा स्वर त्या वाद्याच्या पट्ट्याबाहेरचा आहे. अभंग एक सप्तक खाली उतरवला आणि पेटी एकदम गप्प झाली, तर कारण बहुधा हेच. दोन्ही मीटर हलतात पण ऑडिओचा मीटर तळाशीच रेंगाळतो, तर तो खरा 'बारीक आवाजा'चा रोग. पुढची सगळी चर्चा त्याच्याबद्दल आहे.

आणखी एक प्रकार आहे, तो नवख्यांना फार छळतो. ट्रॅक ऐकू येतो, पण गाणं फाइल करून बाहेर काढलं की त्यात पेटी नसतेच. असं झालं तर ट्रॅकचं आउटपुट कुठे आहे ते पाहा. ते विंडोजच्या आतल्या सिंथला किंवा बाहेरच्या कीबोर्डला जात असेल, तर तो ध्वनी सॉफ्टवेअरच्या मिक्सरमधून जातच नाही आणि फाइलमध्ये उतरत नाही. मिडीच्या पाच पिनांच्या तारेतूनही ध्वनी जात नाही, फक्त आकडे जातात. कीबोर्डचाच आवाज हवा असेल तर त्याच्या ऑडिओ आउटपुटमधून वेगळी वायर इंटरफेसला जोडून तो आवाज ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करावा लागतो.

बोटाचा आकडा

आता पियानो रोल उघडा. स्वरांच्या खाली उभ्या रेघांची पट्टी असते, ती व्हेलॉसिटीची. सगळ्या रेघा ३० ते ५० च्या दरम्यान दिसल्या तर कारण सापडलं.

मग प्रश्न येतो, त्या लहान का राहिल्या. कीबोर्डवर एक स्वर शक्य तितक्या जोराने दाबून पाहा. तरीही आकडा ९० च्या वर जात नसेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये टच किंवा व्हेलॉसिटी कर्व्ह 'हेवी'वर आहे. तो 'नॉर्मल' किंवा 'लाइट' करा. हलका किंवा जोरात, कसंही दाबलं तरी एकच आकडा येत असेल, तर तो कीबोर्ड स्पर्शाचा जोर ओळखणारा नाही किंवा ती सोय बंद आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत दिसणाऱ्या ऑक्टोपॅडवरून ठेका भरत असाल तर प्रत्येक पॅडची सेन्सिटिव्हिटी वेगळी असते. आठांपैकी एकच पॅड बारीक वाजत असेल तर तिथेच हात घाला, पूर्ण ट्रॅक वाढवू नका.

लिहिले गेलेले आकडे वाढवायचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांचा परिणाम वेगळा होतो. समजा भजनी ठेक्यात जोराच्या थापा १०० वर आहेत आणि मधल्या हलक्या थापा ६० वर. सगळ्यांत २० मिळवले तर १२० आणि ८० होतात. फरक ४० चाच राहतो, ठेका तसाच. पण घाईने ४० मिळवले तर हलक्या थापा १०० वर येतात आणि जोराच्या १४० व्हायला हव्यात. १२७ च्या वर जागा नाही, म्हणून त्या १२७ वर अडतात. आता फरक फक्त २७ उरला. ठेका मोठा झाला, पण त्यातली चाल गेली. भजनात समेवरची थाप ओळखू आली नाही तर टाळकऱ्यांनी धरायचं काय? म्हणून वाढवताना सगळ्यात मोठ्या आकड्यावर नजर ठेवा आणि तो १२० च्या आसपास आला की थांबा. उरलेला आवाज पुढच्या पायरीवर मिळवा.

इथे एक छुपी जागा आहे. क्यूबेससारख्या काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकला व्हेलॉसिटी कमीजास्त करणारं वेगळं सेटिंग असतं. ते पियानो रोलमधली रेघ बदलत नाही, फक्त वाजताना आकडा बदलतं. रेघ ११० दाखवते आणि वाद्याला ७० पोचतात. रेघा ठीक असूनही आवाज बारीक असेल तर हे सेटिंग पाहायला विसरू नका.

पेटीला भाता, पखवाजाला थाप

व्हेलॉसिटी वाढवली आणि पखवाज लगेच सुधारला. तेच पेटीला केलं आणि काहीच झालं नाही. असा अनुभव आला तर सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. कारण खऱ्या पेटीतच आहे.

पेटीसमोर बसा. डाव्या हाताने भाता एकसारखा चालू ठेवा आणि उजव्या हाताने एकच पट्टी आधी हलकी, मग जोराने दाबा. आवाजात फरक पडत नाही. पट्टीचं काम फक्त हवेची वाट उघडण्याचं. आता पट्टी दाबूनच ठेवा आणि भाता जोराने दाबा. आवाज लगेच भरतो. स्वर लागलेला असतानाच तो मोठा किंवा लहान करणं हे भात्याचं काम आहे. पखवाजाचं याच्या उलट. थाप पडली त्या क्षणी तिचा जोर ठरला. नंतर त्या थापेचा जोर वाढवता येत नाही.

मिडीत या दोन गोष्टींना दोन वेगळे आकडे आहेत. थापेचा जोर म्हणजे व्हेलॉसिटी. भात्याचं काम करतो अकरा नंबरचा कंट्रोलर, त्याचं नाव एक्स्प्रेशन. पेटीचे नमुन्यांवर चालणारे बरेच प्लगइन व्हेलॉसिटीकडे कमी लक्ष देतात किंवा देतच नाहीत, आणि आवाज एक्स्प्रेशनवरून घेतात. काहींमध्ये हेच काम मॉड्युलेशन व्हीलकडे, म्हणजे एक नंबरच्या कंट्रोलरकडे असतं. व्हील खाली राहिलं की भाता बंद. पट्ट्या कितीही जोराने दाबा, पेटी हलकीच वाजणार. बासरी, व्हायोलिन, सनई अशा लांब स्वरांच्या वाद्यांनाही हाच नियम लागतो.

म्हणून ट्रॅक बारीक वाटला की आधी स्वतःला विचारा: हे वाद्य थापेचं की श्वासाचं? तबला, पखवाज, संतूर, पियानो असेल तर व्हेलॉसिटीकडे जा. पेटी, बासरी, सनई असेल तर आधी एक्स्प्रेशन पाहा. एक्स्प्रेशनची रेघ भात्याप्रमाणे ओळीबरोबर थोडी वरखाली होणारी काढली, तर आवाज तर मिळतोच, शिवाय पेटीत जीव येतो.

पहिल्याच मात्रेला दडलेला आकडा

इंटरनेटवरून घेतलेली मिडी फाइल किंवा जुन्या प्रोजेक्टमधून उचललेला ट्रॅक असेल तर पियानो रोल पुरेसा नाही. इव्हेंट लिस्ट उघडा. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती असते. तिथे सगळ्या सूचना क्रमाने लिहिलेल्या दिसतात, आणि अगदी पहिल्या ओळींत बहुधा सात नंबरचा कंट्रोलर असतो, चॅनेल व्हॉल्यूम. त्याच्यापुढे ४० लिहिलेलं असेल तर स्वर १२७ ने वाजवूनही उपयोग नाही.

सात आणि अकरा हे दोन्ही आकडे मिळून आवाज ठरतो, आणि तो सरळ प्रमाणात कमी होत नाही. जनरल मिडीच्या शिफारशीप्रमाणे १२७ ला पूर्ण आवाज धरला तर १०० ला तो सुमारे ४ डेसिबलने खाली येतो, ६४ ला १२ ने आणि ३२ ला २४ ने. व्हॉल्यूम ६४ आणि एक्स्प्रेशनही ६४ असेल तर दोन्हींची घट मिळून २४ डेसिबल होते. साधारण १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणजे दोन्ही आकडे कागदावर निम्मे दिसतात, पण पेटी पाव आवाजालाही पोचत नाही. प्रत्येक प्लगइन हेच गणित तंतोतंत पाळतो असं नाही, पण कल यासारखाच असतो.

यातूनच एक कोडं तयार होतं. गाणं पहिल्यांदा छान वाजलं; शेवटी पेटी हळूहळू विरत गेली. पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं तर पेटी गायब. कारण शेवटच्या फेडआउटने व्हॉल्यूम शून्यावर नेला, आणि गाण्याच्या सुरुवातीला तो परत वर आणणारी सूचनाच लिहिलेली नाही. वाद्य शेवटचा ऐकलेला आकडा लक्षात ठेवून बसतं. अशा वेळी 'रीसेट ऑल कंट्रोलर्स' ही सूचना पाठवून भागेल असं वाटतं. तिने एक्स्प्रेशन १२७ वर येतो. पण नियमाप्रमाणे व्हॉल्यूमला ती हात लावत नाही. म्हणून उपाय एकच: प्रत्येक मिडी ट्रॅकच्या पहिल्या स्वराआधी व्हॉल्यूम १०० आणि एक्स्प्रेशन १२७ अशा दोन सूचना स्वतः लिहून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलर 'चेस' करण्याची सोय असेल तर तीही चालू ठेवा. मग गाणं मधूनच वाजवलं तरी आधीच्या सूचना लक्षात घेतल्या जातात.

वाद्याच्या आत, मग मिक्सर

आकडे सगळे ठीक असतील तर प्लगइनची खिडकी उघडा. त्याला स्वतःचा व्हॉल्यूम असतो, आणि तो ट्रॅकच्या फेडरच्या आधी काम करतो. प्लगइनच्या आत प्रत्येक वाद्यालाही वेगळा फेडर असू शकतो.

फेडरने सगळंच भागेल, असं इथे वाटू शकतं. ते खरं नाही. चांगल्या प्लगइनमध्ये पखवाजाची हलकी थाप आणि जोराची थाप वेगवेगळी रेकॉर्ड केलेली असते. व्हेलॉसिटी ३८ आली तर हलक्या थापेचाच नमुना निवडला जातो. फेडर वाढवून तो मोठा होईल, पण त्याची खुली, दमदार गाज येणार नाही, कारण तो ध्वनी मुळात हलक्या हाताचा आहे. चूक ज्या पायरीवर झाली त्याच पायरीवर दुरुस्त करायची, या नियमाचं हे कारण आहे.

मिक्सरवर आल्यावर पॅन एका बाजूला ढकललेला आहे का, ट्रॅक एखाद्या बसमधून जातोय का आणि त्या बसचा फेडर खाली आहे का, एखादा कॉम्प्रेसर गळा सुरू झाला की पेटी दाबतोय का, हे पाहा. फेडरवर जुनं ऑटोमेशन असेल तर तो तुम्ही कितीही वर केला तरी वाजताना आपल्या जागेवर परत जातो. शेवटी कॉम्प्युटर तपासा. विंडोजमध्ये कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचं एक सेटिंग असतं. रेकॉर्डिंगच्या मध्ये लॅपटॉपवर कॉल आला आणि सगळंच बारीक झालं, तर ध्वनीच्या सेटिंगमधल्या 'कम्युनिकेशन्स' या पानावर जाऊन ते बंद करा.

सगळं ठीक असूनही

कधीकधी एकही आकडा चुकीचा नसतो. सोलो केला की पखवाज भरदार, सगळे ट्रॅक लावले की दिसेनासा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती खर्जातली गाज येण्यासाठी. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो खर्ज बाहेर पडतच नाही. वर टाळांची तीक्ष्ण झणझण थापेच्या सुरुवातीच्या आवाजावर पसरते. अशा वेळी पखवाज वाढवून उपयोग नाही. टाळ थोडे खाली आणा, आणि पखवाजातला थापेचा वरचा, टणक भाग इक्वलायझरने जरा पुढे काढा. मिश्रण हेडफोनवर, मोठ्या स्पीकरवर आणि मोबाइलवर ऐकल्याशिवाय पक्कं करू नका, कारण आपलं भजन बहुतेक लोक मोबाइलवरच ऐकणार आहेत.

२०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती ठरली. तिच्यात व्हेलॉसिटी १२८ ऐवजी ६५,५३६ पायऱ्यांत लिहिता येते. पायऱ्या वाढल्या तरी शोधाचा क्रम बदललेला नाही: बोट, लिहिलेला आकडा, कंट्रोलर, वाद्य, मिक्सर, स्पीकर.

हा क्रम एका कागदावर लिहून कॉम्प्युटरजवळ चिकटवा. पेटी ऐकू आली नाही तर मास्टरला हात लावण्याआधी त्या सहा जागा एकामागून एक पाहा, आणि जिथे आकडा लहान सापडेल तिथेच तो सुधारा. मग व्हॉल्यूम १०० आणि एक्स्प्रेशन १२७ लिहिलेला कोरा प्रोजेक्ट तयार करून जपून ठेवा, आणि पुढचा प्रत्येक अभंग त्यातच सुरू करा.